उघडिपीतले डास

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पैनगंगेच्या खोऱ्यातील अडाण नदीच्या काठी वसलेल्या बोरी अरब या गावी मृगाच्या सरी वेळेवर आल्या, म्हणजे पहिले काही दिवस तेथील माणसांच्या बोलण्यात पेरणीवाचून दुसरा विषय असत नाही. कपाशी आणि सोयाबीन जमिनीत पडते, तुरीची तासे धरली जातात, आणि मग वऱ्हाडातील पावसाच्या जुन्या शिरस्त्याप्रमाणे आभाळ आठ-दहा दिवस स्वच्छ होते. दुबार पेरणीच्या धास्तीने शेतकऱ्याच्या पोटात गोळा उठतो तो याच सुमारास, आणि दिवेलागणीला ओट्यावर टेकलेली माणसे पोटऱ्यांवर चापट्या मारू लागतात तीही याच सुमारास. पाऊस आला आणि मच्छर घेऊन आला, असा निकाल मग सर्वानुमते दिला जातो, आणि त्यावर कोणी अपील करीत नाही.

निकाल सर्वस्वी खोटा नाही, परंतु आरोपी चुकीचा धरला गेला आहे. संततधार पाऊस डासांना मुळीच मानवत नाही. त्या पावसात गावातल्या नाल्या धुऊन निघतात, डबकी भरून वाहू लागतात आणि त्यांतील असंख्य अळ्या पाण्याबरोबर जाऊन नाश पावतात. अडाण दुथडी भरून वाहत असते त्या दिवसांत तिच्या पात्रात डासाची अळी शोधूनही सापडावयाची नाही. पूर ओसरला, ऊन पडले, आणि पात्रातील खडकांच्या खळग्यांत, काठच्या गाळात उमटलेल्या ढोरांच्या खुरांच्या ठशांत, रस्त्यासाठी मुरूम काढून तसेच सोडून दिलेल्या खड्ड्यांत पाणी जागच्या जागी थांबले, म्हणजे त्या उघडिपीत डासांचा वंश फोफावतो. एका पावसाने पाणी पुरवावे आणि दुसऱ्याने ते आठ दिवस हलवू नये, एवढीच डासांची निसर्गाकडे मागणी असते, आणि आपल्याकडचा पाऊस ती वर्षातून चार-पाच वेळा निमूटपणे पुरी करतो.

आठ दिवसांची ही मुदत वाचकाने ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सगळा बंदोबस्त तिच्यावरच बेतलेला आहे. डासाची मादी एका वेळेस शंभर-दोनशे अंडी घालते. अंड्यांतून दोन दिवसांच्या आत अळी बाहेर पडते. ही अळी पाण्यातील सूक्ष्म जीवजंतू व कुजका पाला खात, मधूनमधून पृष्ठभागावर येऊन श्वास घेत, चार वेळा कात टाकते. नंतर ती स्वल्पविरामाच्या आकाराच्या कोषात शिरते, आणि दोन दिवसांनी त्या कोषाची पाठ उकलून पंख असलेला डास पाण्यावर उभा राहतो. पावसाळ्यातील उबदार हवेत हा सारा प्रपंच सात ते दहा दिवसांत आटोपतो. यांपैकी पहिल्या तिन्ही अवस्थांत त्या जीवाला पाण्यावाचून आश्रय नाही, तो पळू शकत नाही, उडू शकत नाही, आणि कोठे आहे हे आपल्याला डोळ्यांनी दिसते. चौथ्या अवस्थेत मात्र तो हवेत असतो आणि आपण अंधारात असतो. मनुष्य डासाशी युद्ध करण्यास नेमकी हीच चौथी अवस्था का निवडतो, याचे कोडे मला आजवर उलगडलेले नाही.

पावसाने पाणी मिळते ही झाली एक गोष्ट. तिच्याइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट हवेतील आर्द्रतेची आहे. मे महिन्यात या जिल्ह्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो तेव्हा एवढ्याशा देहाचा डास काही दिवसांतच वाळून मरतो. पावसाळी दमट हवेत तोच दोन-तीन आठवडे, प्रसंगी महिनाभर जगतो. आयुष्यातील या फरकाला वैद्यकात फार मोठा अर्थ आहे. हिवतापाचा जंतू रुग्णाच्या रक्ताबरोबर डासाच्या पोटात गेला, तरी त्याची तेथे वाढ होऊन तो डासाच्या लाळेत उतरण्यास दहा ते चौदा दिवस लागतात, आणि डेंग्यूच्या विषाणूलाही साधारण तेवढाच अवधी लागतो. जो डास आठवड्यात मेला त्याने फार तर खाज दिली. जो तीन आठवडे जगला त्याने रोग दिला. म्हणूनच डासांची तक्रार आषाढात सुरू होते, आणि दवाखान्यातील गर्दी श्रावण-भाद्रपदात वाढून पोळा, गणपती ओलांडून थेट नवरात्रापर्यंत टिकते.

हिवतापाचा हा जंतू डासाच्या पोटात प्रथम पाहिला तो रोनाल्ड रॉस याने, २० ऑगस्ट १८९७ रोजी, निजामाच्या मुलखातील सिकंदराबाद येथे. वऱ्हाड त्या काळी कारभाराने इंग्रजांकडे आणि नावाने निजामाचाच असल्यामुळे, हा शोध एका अर्थी आपल्याच इलाख्यात लागला असे वऱ्हाडी माणसाने म्हटल्यास त्याला कोणी हरकत घेऊ नये. रॉसला त्याबद्दल १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यापूर्वी हिवतापाचे खापर दलदलीतून उठणाऱ्या दूषित हवेवर फोडले जात असे, आणि पाणथळ जागेजवळ वस्ती करू नये हा सल्ला योग्य असूनही त्याचे कारण मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

डास म्हणून आपण ज्यांना एकाच नावाने ओळखतो त्यांच्या जाती अनेक आहेत. घरमालकाने त्यांपैकी तीन कुळांची ओळख करून घेतली तरी पुरे. ॲनॉफिलिस हे हिवतापाचे कुळ. त्याला तुलनेने स्वच्छ, संथ पाणी लागते. नदीपात्रातील डोह, पाटाची पाझरणारी कड, पावसाचे ताजे डबके ही त्याची जन्मस्थाने, आणि आपल्या ग्रामीण भागात हिवताप पसरविणारी त्याची मुख्य जात माणसापेक्षा गुराढोरांचेच रक्त अधिक पसंत करीत असल्याने दिवसा ती गोठ्यात विसावलेली आढळते. भिंतीवर बसताना तो मागचा भाग उचलून तिरपा बसतो, यावरून त्याला ओळखता येते. दुसरे कुळ क्युलेक्सचे. नाली, मोरीचे पाणी, संडासाची टाकी, उकिरड्याशेजारचे काळे डबके यांत तो जन्मतो, रात्रभर कानाशी गुणगुणतो, आणि विदर्भाच्या अनेक जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसलेल्या हत्तीरोगाचा प्रसार करतो. तिसरा तो एडिस. अंगावर पांढरे पट्टे असलेला हा काळा डास दिवसाढवळ्या, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी, घोट्याजवळ चावतो. डेंग्यू आणि चिकनगुनिया हे दोन्ही ताप त्याच्याकडून येतात. आजच्या गावगाड्यात खरा विचार करावयाचा तो या तिसऱ्याचा, कारण पहिल्या दोघांचा जन्म बहुधा घराबाहेर होतो आणि याचा घरातच.

एडिसच्या मादीची एक सवय नीट समजून घेतली, तर बोरी अरबसारख्या गावातील पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. ती अंडी पाण्यात सोडीत नाही. पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला एकेक करून चिकटविते. पाणी आटले तरी ही अंडी मरत नाहीत, कित्येक महिने कोरडी राहूनही त्यांतील जीव टिकतो, आणि पुन्हा पाणी चढून त्यांना स्पर्श झाला की काही वेळातच अळ्या बाहेर पडतात. आता आपल्या उन्हाळ्याचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. नळाला पाणी चार-आठ दिवसांनी एकदा, तेही तासभर. म्हणून घरोघर रांजण, प्लॅस्टिकचे निळे ड्रम, न्हाणीतील सिमेंटचे टाके, गच्चीवरील टाकी, ढोरांची ढोणी, जे म्हणून भांडे मिळेल ते भरून ठेवलेले. पाण्याची चणचण असल्याने ते तळाशी पोचेपर्यंत कोणी ओतून देत नाही, आणि भिंती घासण्याची चैन तर परवडतच नाही. पाण्याचा दाब कमी म्हणून अंगणातील नळ जमिनीखाली दोन-तीन फूट खड्ड्यात उतरविलेला, आणि त्या खड्ड्यात गळतीचे पाणी बारमाही साचलेले. उन्हाळ्याच्या या सक्तीच्या साठवणीत मादीने जी अंडी पेरून ठेवली, ती पहिल्या पावसाने उगवतात. पाऊस येथे केवळ निमित्तमात्र असतो. डेंग्यू हा पाण्याच्या सुबत्तेचा रोग आहे असा जो सर्वसाधारण समज आहे, तो आपल्या जिल्ह्यात तरी अर्धसत्य ठरतो. पाण्याच्या टंचाईनेही तो तितकाच पोसला जातो.

या संदर्भात कूलरचा स्वतंत्र उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. विदर्भात कूलर ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. पत्र्याच्या घरातही, कधी हप्त्यावर घेतलेला, कधी स्थानिक लोहाराने ठोकलेला, पण कूलर असतोच. मार्चपासून जूनपर्यंत त्याची टाकी रोज भरली जाते. मृगाचा पहिला गारवा सुटला, की त्याच संध्याकाळी बटण बंद होते, आणि पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत कूलरकडे कोणी वळून पाहत नाही. टाकीच्या तळाशी राहिलेले बोटभर पाणी, वर भिजलेल्या गवताच्या ताट्या, तिन्ही बाजूंनी सावली आणि चौथ्या बाजूने उघडी खिडकी: एडिसच्या मादीने स्वतः नकाशा काढून घर बांधून घेतले असते, तरी याहून सोयीचे साधले नसते. जुलै महिन्यात डासांमुळे हैराण झालेल्या गृहस्थाने औषधाच्या दुकानी जाण्यापूर्वी आपल्या खिडकीतील कूलरच्या तळात विजेरीचा प्रकाश टाकून पाहावा, अशी माझी नम्र शिफारस आहे.

घरातील भांडी तपासून रोग हटविता येतो, ही गोष्ट कल्पनेतली नव्हे. क्युबा बेटावरील हवाना शहरात पीतज्वराने शतकानुशतके माणसे मरत होती. हा ज्वर डासामुळे होत असावा असे कार्लोस फिनले या तेथील वैद्याने १८८१ सालीच सांगितले होते. परंतु १९०० साली वॉल्टर रीड याच्या मंडळाने ते प्रयोगाने सिद्ध करीपर्यंत फिनलेची थट्टाच झाली. नंतर गॉर्गस या लष्करी वैद्याने घरोघर निरीक्षक पाठविले. पाण्याच्या प्रत्येक पिंपाला झाकण घालावयाचे, जेथे झाकण शक्य नाही तेथे तेलाचा थर द्यावयाचा, निरुपयोगी भांडी जप्त करावयाची, आणि हुकूम मोडणाऱ्यास दंड करावयाचा, अशी तजवीज केली. १९०१ सालच्या शरदात हवानातून पीतज्वर नाहीसा झाला. पीतज्वर पसरविणारा तो डास म्हणजेच आपल्या कूलरमध्ये नांदणारा एडिस, हे लक्षात घेतले म्हणजे या जुन्या हकिगतीतील मर्म कळते: लस नव्हती, औषध नव्हते, डीडीटीने कीटक मरतात हे तर कोणाला ठाऊकही नव्हते, होती ती केवळ भांड्यांची मोजदाद.

आपल्या प्रांतातही या डासाने हजेरी लावल्याच्या नोंदी जुन्या आहेत. १९६५ साली नागपुरात तापाची जी मोठी साथ आली, तिचा तपास पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने केला आणि तीत चिकनगुनियाचा विषाणू आढळला. पुढे १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे तोच ताप पसरला. त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ तो जवळजवळ दिसेनासा झाला, तरुण डॉक्टरांना त्याचे नाव केवळ पुस्तकातून ठाऊक राहिले, आणि २००६ साली त्याने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत माणसांना अक्षरशः अंथरुणाला खिळविले. सांधे धरून वाकत चालणारी, महिनोन् महिने मुठी मिटू न शकणारी माणसे त्या वर्षी ज्यांनी पाहिली, त्यांना डासाला क्षुद्र म्हणण्याचा मोह पुन्हा झाला नसेल.

आता गृहस्थाने करावयाच्या गोष्टींकडे वळू. सरकारी आरोग्य खाते वर्षानुवर्षे ‘कोरडा दिवस पाळा’ असे सांगत आले आहे. भिंतींवरच्या या घोषणेकडे आपण पाहतो तसेच दुर्लक्षही करतो, परंतु तिच्यामागील हिशेब अत्यंत चोख आहे. अंड्यापासून डास होण्यास आठवडा लागतो, म्हणून आठवड्यातून एक दिवस घरातील प्रत्येक भांडे रिकामे झाले, तर अळीला पंख फुटण्याची वेळच येत नाही. मात्र भांडे नुसते उपडे करून भागत नाही. एडिसची अंडी भिंतीला चिकटलेली असतात हे वर सांगितलेच आहे. तेव्हा काथ्याने किंवा खरखरीत घासणीने रांजणाच्या, ड्रमच्या आतील कडा खरवडून, धुऊन, शक्य तर उन्हात वाळवून मगच नवे पाणी भरावे, आणि अळ्या असलेले पाणी नालीत न ओतता कोरड्या मातीवर ओतावे, म्हणजे त्या तेथेच मरतील. कोरडा दिवस कोणता ठेवावा याविषयी शास्त्र मौन आहे. नळ येण्याच्या आदल्या दिवशी भांडी तशीही तळाला गेलेली असतात, म्हणून तोच ठेवावा, हे पाण्याचा थेंब मोजून वापरणाऱ्या आपल्या गृहिणींना मी सांगावे असे नाही. ही युक्ती बहुधा त्यांचीच आहे.

जे टाके रिकामे करणे परवडत नाही, त्याचे तोंड झाकावे. झाकण म्हणून वर टेकविलेला पत्रा पुरत नाही, कारण बोटभर फट मादीला राजमार्गासारखी वाटते. जुन्या धोतराचे किंवा लुगड्याचे दुहेरी कापड तोंडावर ताणून दोरीने आवळून बांधले तर ते महागड्या झाकणाहून सरस ठरते. गुरांची ढोणी, बांधकामासाठी भरलेला हौद, वापरात नसलेली विहीर अशा ठिकाणी गप्पी मासे सोडावेत. विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण अमेरिकेकडून या देशात आलेला हा बोटाच्या पेराएवढा मासा दिवसाला कित्येक डझन अळ्या फस्त करतो, स्वतःची प्रजा स्वतः वाढवितो, आणि आरोग्य खात्याच्या पैदास केंद्रांतून तो विनामूल्य मिळतो. त्याला नदीत किंवा गावतळ्यात मात्र सोडू नये. तेथे आपले मूळचे लहान मासे अळ्या खाण्याचे काम पूर्वापार करीत आलेले आहेत, आणि या परक्या पाहुण्याने त्यांचीच अंडी-पिल्ले खाल्ल्याची उदाहरणे आहेत.

संडासाच्या टाकीचा प्रश्न बहुतेकांच्या ध्यानीमनीही नसतो. गेल्या काही वर्षांत खेड्यांत घरोघर शौचालये झाली, ही आनंदाची गोष्ट; परंतु प्रत्येक टाकीवर वायू जाण्यासाठी जो उंच पाइप उभा असतो, त्याच्या उघड्या तोंडातून क्युलेक्सच्या माद्या आत जातात आणि त्यांची प्रजा त्याच मार्गाने बाहेर पडते. पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी, नाही तर जुन्या मोज्याचा वा कापडाचा तुकडा सुतळीने बांधला, तर एका कुटुंबाच्या टाकीतून निघणारा डासांचा रात्रीचा पुरवठा बंद होतो. खर्च शून्य. याहून स्वस्त आणि याहून दुर्लक्षित उपाय मला ठाऊक नाही.

राहता राहिले सांडपाणी, आणि येथे आपल्याला शेजारच्या जिल्ह्याकडून धडा घेता येतो. पैनगंगेच्या पलीकडे, उमरखेड तालुक्याच्या समोर, नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुका आहे. त्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघर शोषखड्डे घेऊन उघड्या नाल्याच काढून टाकल्या आणि डासमुक्त गाव म्हणून लौकिक मिळविला. पुढे नांदेड जिल्हा परिषदेने रोजगार हमीतून गावोगाव हेच काम हाती घेतले आणि ‘नांदेड पॅटर्न’ हा शब्द सरकारी दप्तरात रूढ झाला. खड्ड्याची रचना साधी आहे. चार फूट लांब, चार फूट रुंद, तितकाच खोल खड्डा. मधोमध भोके पाडलेली सिमेंटची लहान टाकी. तिच्याभोवती खाली मोठे आणि वर लहान दगड. मोरीचे पाणी टाकीत येते, केरकचरा तिच्या तळाशी बसतो आणि पाणी भोकांतून दगडांत जाऊन जमिनीत जिरते. पाणी उघड्यावर राहतच नाही, तेव्हा क्युलेक्सने अंडी घालावीत कोठे?

मात्र हा नमुना डोळे मिटून उचलावा असे मी म्हणणार नाही. बोरी अरबच्या परिसरातील कपाशीची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते आणि पावसात फुगून अशी मिटते, की पाणी खाली उतरण्यास वाटच राहत नाही. अशा मातीत चार फुटांवर थांबलेला शोषखड्डा पहिल्याच श्रावणात तुंबतो, त्यात पाणी उभे राहते, आणि डास घालविण्यासाठी खणलेला खड्डा डासांचीच जन्मभूमी होऊन बसतो. काळ्या थराखाली मुरूम कोठे लागतो हे आधी खणून पाहावे, खड्ड्याचा तळ त्या मुरमात न्यावा, आणि जेथे मुरूम फारच खोल असेल तेथे शोषखड्ड्याचा हट्ट सोडून सांडपाणी परसातील केळी, अळू, पपई यांना रोज पाळीपाळीने द्यावे. अंदाजपत्रकातील चार फुटांचा आकडा कागदावर ठीक आहे. त्यावर ज्याने सही केली त्याच्या अंगणात तो खड्डा तुंबणार नसतो.

या सर्व उद्योगापेक्षा लोकांना धुराचे यंत्र अधिक आवडते. गावात ताप वाढला की ग्रामपंचायतीवर पहिली मागणी होते ती धूर फवारणीची. यंत्र खांद्यावर घेतलेला माणूस गल्लीतून पांढरे ढग सोडीत जातो, मागे पोरे धावतात, आणि सरपंचाने काही तरी केले असे समाधान सर्वांना लाभते. या धुराने त्या घटकेला हवेत उडणारे डास मरतात, हे खरे. परंतु पाण्यातील अळ्यांना त्याचा स्पर्शही होत नाही, घरात कपड्यांमागे, पलंगाखाली विसावलेल्या एडिसपर्यंत तो पोचत नाही, कारण धूर येताना पाहून आपण दारे-खिडक्या लावून घेतो, आणि दुसऱ्या दिवशी कोषातून नवी पलटण बाहेर पडतेच. साथीच्या ऐन भरात, रुग्ण सापडलेल्या घराच्या आसपास, घराच्या आत फवारणी करण्याला अर्थ आहे. एरवी ती रोषणाई आहे.

केवळ औषधावर विसंबून राहिल्याचा परिणाम या देशाने मोठ्या प्रमाणावर भोगलेला आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात दरसाल साडेसात कोटी माणसांना हिवताप होत असे आणि आठ लाख त्याने मरत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, घराघरांच्या भिंतींवर डीडीटीचे पांढरे फवारे उमटले, १९५८ साली नियंत्रण कार्यक्रमाचा निर्मूलन कार्यक्रम झाला, आणि १९६५ च्या सुमारास रुग्णांची संख्या लाखाच्या आसपास उतरली. विजय झाला असे समजून यंत्रणा सैलावली. डासांनी डीडीटी पचविण्याची विद्या आत्मसात केली. १९७६ साली हिवतापाचे रुग्ण चौसष्ट लाखांवर गेले. आज महाराष्ट्रात या रोगाचा मोठा भार गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशावर आहे, परंतु एकदा गेलेला हिवताप परत येतो हे त्या अकरा वर्षांनी दाखवून दिलेले आहे. घरात फवारणी होते तेथेही आपली एक जुनी खोड आड येते: फवारणीचे डाग दिसू नयेत म्हणून सणापूर्वी भिंत सारवली किंवा रंगविली जाते, आणि भिंतीवर टेकणाऱ्या डासासाठी मारलेले औषध शेणामातीच्या थराखाली गाडले जाते.

घरातल्या घरात रक्षणासाठी मच्छरदाणीसारखे साधन नाही. रात्री चावणाऱ्या दोन्ही कुळांविरुद्ध ती निर्विवाद आहे, आणि दिवसा झोपणाऱ्या तान्ह्या मुलांना व आजाऱ्यांना ती एडिसपासूनही वाचविते. खिडक्यांना जाळी बसविली तर उत्तम. अगरबत्तीवजा कॉइल बंद खोलीत रात्रभर जाळणे फुप्फुसांना अपायकारक आहे. कडुनिंबाच्या पाल्याच्या व गोवऱ्यांच्या धुराने गोठ्यातील जनावरांना तासभर आराम मिळतो, पण तो धूर दमेकऱ्याच्या खोलीत नेऊ नये. निळ्या प्रकाशाच्या विद्युत्-सापळ्यांत पतंग आणि किडे पुष्कळ मरतात, डास क्वचितच. आणि मनुष्यास ऐकू न येणाऱ्या नादाने डास पळविणारी जी यंत्रे विकली जातात, त्यांचा नाद डासांनाही ऐकू येत नसावा असे त्यांच्या वर्तनावरून दिसते.

इतके करूनही ताप आलाच, तर दोन गोष्टी विसरू नयेत. अंगावर काढू नये. रक्ताची तपासणी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्यावी, कारण हिवताप, डेंग्यू आणि चिकनगुनिया यांची सुरुवात सारखीच असते व उपचार मात्र भिन्न असतात. आणि डेंग्यूचा संशय असेल तोवर ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि विश्रांती यांवर राहावे. ताप उतरल्यावर पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, अत्यंत ग्लानी यांपैकी काहीही दिसले तर एक तासही न दवडता रुग्णास मोठ्या रुग्णालयात न्यावे. डेंग्यूचा खरा धोका ताप उतरल्यानंतरच्या दोन दिवसांत असतो.

एक शेवटचा मजकूर घरमालकांसाठी. जून-जुलैत आशा कार्यकर्ती किंवा आरोग्य सेवक हातात विजेरी आणि वही घेऊन घरोघर फिरतात, टाकी-रांजणांत डोकावतात, अळ्या दिसल्या तर नोंद करतात आणि अळीनाशकाचे औषध घालून देतात. त्यांना दारातूनच ‘आमच्याकडे काही नाही’ असे सांगून परत पाठविण्याची रीत सर्वत्र आहे, आणि पक्क्या बंगल्यांत ती झोपड्यांपेक्षा अधिक आहे. एडिस फार लांब उडत नाही, शे-दोनशे मीटरच्या वर्तुळात त्याचा सारा संसार असतो. तेव्हा आपल्या घरात जो डास दिवसा चावतो तो आपल्या किंवा शेजाऱ्याच्या भांड्यातच जन्मलेला असतो. यंदा आशा कार्यकर्ती दाराशी आली, तर तिला आत बोलवा, न्हाणीतले टाके दाखवा, शिडी लावून गच्चीवरच्या टाकीचे झाकण स्वतः उघडा, आणि ती जाण्यापूर्वी खिडकीतल्या कूलरचा तळही तिला पाहू द्या.